मोसंबीची साल आणि दादाची ट्यूब

३ एप्रिल, गुरुवार

…आणि म्हणूनच मी दादाला परत म्हटलं, लाली गेली म्हणजे रोग गेला असं न्हाई! पण तो ऐकेल तर ना. नाश्त्याला सुरू झालेलं भांडण तो दुपारच्या पाळीला निघेपर्यंत चालू होतं. गाडीला किक मारता मारता पण म्हणतो, "तू आधी पास हो, मंग मला शिकव."

भांडण कशावरून, तर एका ट्यूबवरून.

दादाच्या कमरेला बेल्टच्या खाली गोल गोल चट्टे आहेत. गजकर्ण. दिवाळीपासून. तो एमआयडीसीत रोलिंग मिलमधे इलेक्ट्रिशियन, दिवसभर भट्टीच्या आसपास, अंगात जाड पँट, घामाच्या धारा. तिथं निम्म्या पोरांना हेच आहे म्हणे. आणि सगळ्यांचा इलाजही एकच. मेडिकलवर जायचं, "खाजेची ती द्या" म्हणायचं. चिठ्ठी-बिठ्ठी काही लागत न्हाई. लावली की जल्दी लाली गायब, खाज गायब. सोडली की परत, आधीपेक्षा मोठं. मंग नवी ट्यूब.

आज मी मागचं बारीक अक्षर वाचलं. तीन औषधं एकात. त्यातलं एक स्टेरॉइड!!

आणि माझ्या मायक्रोबायोलॉजीच्या सेमिनारचा टॉपिक काय? "इम्यून पेशी फंगसला कशा ओळखतात आणि मंग काय करतात." सरांनी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा मला रडायला आल्तं. सगळ्यांना छान छान व्हायरस, मला बुरशी. आता वाटून राह्यलं लॉटरी लागली. टॉपिक आपल्याच बाथरूमच्या खिडकीत, पेस्टच्या शेजारी ठेवलेला.

मे एंडला दादाचं लग्न. तोवर हे बरं झालंच पाहिजे. मी बघते.

५ एप्रिल

पप्पा केदारखेड्याहून मोसंबीची गोणी घेऊन आले. आपल्या बागेतली शेवटची. आणि मला माझं उदाहरण सापडलं!!! दोन दिवस डोकं खाजवून राह्यले होते (हे खाजवणं वेगळं).

प्रॉब्लेम असा की मला सगळं इंग्लिशमधे समजतं, पण आईला सांगायला गेले की तोंड उघडंच राहतं. रिसेप्टरला मराठीत 'ग्राही' म्हणतात. आई म्हणाली, "असा शब्द मी आख्ख्या जालन्यात कोणाच्या तोंडून ऐकला न्हाई."

मंग मोसंबी घेतली हातात. दादाला समोर बसवलं.

म्हटलं, हा फंगस समज. त्याला बाहेरून भिंत असते, साल असते. आपल्या पेशींना अशी साल न्हाई. सालीत एक साखर असते, बीटा ग्लुकन, लांब साखळीसारखी. ती आपल्या शरीरात कुठंच बनत न्हाई. म्हणजे ती सापडली की समजायचं, घरात परका घुसला.

"सापडली म्हणजे? पेशींना डोळे असतात?"

"डोळे न्हाईत, हात असतात. डेक्टिन-वन नाव. त्या हाताला बरोबर ती साखर चिकटते."

मंग सोललं. पिवळं वर, पांढरं आत. ग्लुकन म्हणजे ते पांढरं. काही फंगस हुशार असतात, वरून दुसरा थर ओढून घेतात म्हणजे पांढरं दिसायलाच नको. पण जिथं देठ तुटला तिथं थोडं उघडं राहतंच. यीस्टचं पण तसंच. पिल्लू सुटलं की वण राहतो, तिथं ग्लुकन उघडा पडतो. हात तिथंच लागतो.

दादा तोवर अर्धा फंगस खाऊन बसला होता.

"मंग मह्या पेशी काहून वळखीनात?"

"वळखतात रे! वळखलं की त्या बाकीच्यांना हाक मारतात. या लवकर, हिकडं घुसलाय. सगळ्या पळत येतात, म्हणून लाल होतं, म्हणून खाजतं. तू स्टेरॉइडची ट्यूब लावून त्यांचं तोंड दाबतोस. हाकच जात न्हाई. लाली गेली, फंगस तिथंच, मजेत."

त्यानं दुसरी मोसंबी घेतली. पण ऐकलंय त्यानं, मला कळतं.

६ एप्रिल, रामनवमी

जांब समर्थला गेल्तो. लय गर्दी. आई-पप्पा न् मी मामाच्या गाडीत, दादा न् वहिनी बाइकवर. वहिनी म्हणजे स्नेहल, अजून व्हायचीय पण मी आत्तापासूनच वहिनी म्हणते. बँकेत आहे जालन्यातच. तिच्या घरचे कडक, पण देवाला म्हटल्यावर सोडलं.

ऊन असं की चप्पल काढून रांगेत सगळे नाचून राह्यले होते. दादानं खिशातली दस्ती, घाम पुसायचा रुमाल, काढली, वहिनीच्या डोक्यावरून घेऊन गळ्याला बांधून दिली. आपला दादा! जो मला कधी पाण्याची बाटली उचलून देत न्हाई! मी फोटो काढला. वहिनी लाजली. आईनं न बघितल्यासारखं केलं.

प्रसाद मस्त. येताना गाडीत झोपले.

७ एप्रिल

चट्टे तपासून घ्यायला दादा कबूल. कशामुळं तर फुकट आहे म्हणून. "बघ, पण दुखलं तर याद राख."

कॉलेजच्या लॅबमधे सरांना विचारून ठेवलंच होतं. बोथट ब्लेडनं चट्ट्याच्या कडेची कोरडी कातडी खरवडून कागदात घेतली. काचेवर ठेवून वरून पोटॅशचं (KOH) पाणी. थोडं थांबायचं, कातडी विरघळते, फंगसची भिंत विरघळत न्हाई. (तीच साल! साल पक्की असते!)

आणि मंग दिसलं. धागे. फांद्या फुटलेले, मधे मधे आडव्या रेघा, इकडून तिकडं पसरलेले. मी एवढ्या जोरात "सर!" ओरडले की शेजारच्या पोरीच्या हातातलं ड्रॉपर पडलं.

सर बघत राह्यले. "लय आहे गं. ट्यूब लावत होता का?" म्हटलं हो. म्हणाले, मंग असंच सापडतं, अडवायला कोणी न्हाई ना. आणि लगेच, "आता उड्या मारू नको. आपण डॉक्टर न्हाई. स्किनच्या डॉक्टरकडं ने त्याला."

दादाला फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'तुझे भाडेकरू.'

त्याचं उत्तर: 'ह्या शेवया कशाच्या?'

८ एप्रिल

स्किनच्या डॉक्टर मॅडमकडं गेलो. बाहेर बसायला जागा न्हाई. मॅडमनी चट्टे बघितले, ट्यूब बघितली, चष्मा काढून ठेवला.

"कोणी सांगितली ही?"

"सगळेच लावतात मॅडम."

"म्हणूनच बाहेर एवढी लाईन आहे."

मला इतक्या आवडल्या त्या!! ट्यूब आजपासून बंद. पोटातून गोळ्या, साधं फंगसचं मलम. बरं दिसलं तरी त्या सांगतील तोवर सोडायचं न्हाई, महिने लागू शकतात. कपडे गरम पाण्यात, वाळवायचे कडक उन्हात. टॉवेल, दस्ती, चादर कोणासोबत वाटायची न्हाई. आणि आधी एकदा भडकेल, घाबरायचं न्हाई.

दादानं विचारलं, "लग्नापर्यंत जाईल?"

"कमी होईल. पूर्ण जाईल असं मी लिहून देणार न्हाई."

जिन्यात उतरताना दादा थांबला. "स्नेहलला सांगू नको."

"का रे? हे काय—"

"तुला माहितीय ना मामाच्या शेजारच्या पोराचं. कातडीचं काहीतरी म्हणून सोयरीक मोडली. नंतर निघालं साधं घामोळं. तिच्या घरच्यांना कळलं तर ते डॉक्टरचं ऐकतील का लोकांचं?"

म्हटलं, न्हाई सांगत. शपथ घेतली. तो एवढ्या बारीक आवाजात कधीच बोलत न्हाई.

घरी येऊन ट्यूब मीच कचऱ्याच्या डब्यात टाकली. धप्प. लय बरं वाटलं.

१४ एप्रिल

भडकलं! मॅडम म्हणाल्या होत्या तसंच बिलकुल. लालभडक, कडा वर आलेल्या. सुट्टी होती म्हणून दादा दिवसभर घरात, पंख्याखाली लुंगी लावून, मला शिव्या देत.

"हे बघ तुह्या पेशींचे उपकार."

आणि मला (वाईट आहे मी) इतका आनंद झाला. पेशी परत ड्युटीवर आल्या ना! सांगायला गेले तर उशी फेकून मारली.

तरी सांगितलंच. न्युट्रोफिलचं, म्हणजे रक्तातल्या एका पांढऱ्या पेशीचं. न्युट्रोफिल छोटे फंगस गिळून टाकतात. पण लांब धागा असला की तो गिळणार कसा? मंग तो काय करतो, स्वतःचा डीएनए बाहेर फेकतो. जाळ्यासारखा. धागा त्यात अडकतो.

"आन् तो सोता?"

"तो मरतो बहुतेक."

दादा उठून बसला. "मरतो? मह्या कमरेसाठी?"

"हो."

"लय इमानदार आहे की मंग." आणि खाजवायला नेलेला हात मागं घेतला.

माझं सेमि. इथंच झालं खरं तर.

१६ एप्रिल

गोंधळ. वाळलेला टॉवेल ठेवायला बाथरूममधे गेले तर ट्यूब परत खिडकीत! पेस्टच्या शेजारी, जागेवर!

मी डायरेक्ट दादावर. "चोरून लावतोस! तुला लाज न्हाई!" तो म्हणे मी हात पण न्हाई लावला. मी म्हणे खोटं. तो म्हणे आईशप्पथ. आवाज ऐकून आई आली पोळपाट-लाटणं सोडून. कणकेचे हात.

"काय ओरडून राह्यले? ती मी काढली डब्यातून."

"का???"

"अर्धी भरलेली होती. धुऊन घेतली वरून."

मंग दादानं हळूच विचारलं, "आई… तू लावती का ती?"

आई पोळीकडं बघते म्हणून आत वळली. मी मागं मागं. शेवटी निघालं, परकराच्या नाडीखाली, कमरेला गोल गोल. संक्रांतीपासून. "तुह्या दादाचं बरं झालं म्हणून मी पण लावली. तुमच्या बापाला पण दिल्ती पायाला."

पप्पांना पण!!! घरात सगळ्यांना एकच टॉवेल चालतो, एकच बादली, एकच ट्यूब. आणि मी आख्ख्या जगाच्या पेशी वाचत बसले, चौघांच्या घरात तिघं खाजवून राह्यले ते दिसलं न्हाई.

दादा एवढा हसला की खाटेवरून पडायचा राह्यला. "घे सायंटिस्ट, आता आईचं पण ब्लेडनं खरवड."

आई म्हणाली, "हात तर लाव, मंग बघ."

उद्या आई-पप्पा दोघांना मॅडमकडं. ट्यूब या वेळी कात्रीनं कापून टाकली.

१९ एप्रिल

सेमि. झालं!!!

इंग्लिशमधे सुरू केलं, दुसऱ्या स्लाइडला बघितलं तर मागचा बेंच झोपून राह्यला. मंग पिशवीतून मोसंबी काढली. मराठीत सुरू झाले. सगळे उठले. देठाची जागा दाखवली, पांढरं दाखवलं, हात कसा लागतो, हाक कशी जाते, मागून टी-पेशी, दुसऱ्या फळीच्या पांढऱ्या पेशी, कशा येतात, आणि त्या येऊन न्युट्रोफिलची आणखी कुमक कशी मागवतात. जाळ्याच्या वेळी तर चक्क टाळ्या.

एका पोरीनं विचारलं, "मंग खाज चांगली का?"

म्हटलं, चांगली न्हाई, पण ती खोटं बोलत न्हाई. ट्यूब खोटं बोलते.

सर म्हणाले हे वाक्य छान. आणि मॉडेल खाऊन टाकलं.

सेमि. संपल्यावर वर्गातली तीन पोरं वेगवेगळी येऊन हळूच विचारून गेली, ती ट्यूब कोणती म्हणून. प्रत्येकाचं म्हणणं, "मित्रासाठी विचारून राह्यलो."

२५ एप्रिल

दादाचं कमी झालं! कडा खाली बसल्या. आईचं पण. घरात आता प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा टॉवेल. पप्पांचा गुलाबी. चिडलेत.

आज केदारखेड्याहून आत्या आली, लग्नाचं सगळं तिच्या हातात. आणि चहा पिता पिता तिनं हळदीचं काढलं.

"हळद आदल्या दिवशी सकाळी. आधी नवऱ्याला. पाच सवाशिणी अंगभर लावतील. मंग उरलेली उष्टी हळद ताटात घेऊन पोरीकडं जायचं."

उष्टी हळद! मी विसरलेच होते. दादाच्या अंगाची हळद तशीच्या तशी वहिनीच्या अंगाला!

म्हटलं, "आत्या, हायजिनसाठी वेगळी वेगळी कालवली तर?"

"काय जीन?"

"म्हणजे वहिनीची आधीच बाजूला काढून—"

"नवऱ्याच्या अंगाची हळद नवरीला लागल्याबिगर काय लगन लागतं का? आन् हळदीनं तर रोग मरतात. एवढं शिकून तुला हे बी न्हाई माहीत?"

आई माझ्याकडं बघून डोळे मोठे करून राह्यली. दादा बशीत बघून चहा पिऊन राह्यला.

नंतर गच्चीवर मी न् दादा. प्लॅन ठरला. हळदीला फुल बाह्यांची बनियन न् पँट, हळद नुसती कपाळाला न् गालाला. वहिनीचं ताट आधी भरायचं, दादानं त्याला फक्त बोट लावायचं. आत्याला सांगायचं मॅडमनी उन्हाची अलर्जी सांगितलीय. आई फितूर, म्हणजे आपल्या बाजूनं.

म्हटलं, "आणि लग्नानंतर? एक चादर, एक टॉवेल? गोळ्या कुठं लपवशील?"

"सांगीन ना तेव्हा."

"आत्ताच सांग की."

"तू शपथ घेतल्ती."

३० एप्रिल

वहिनीचा मेसेज. 'ऋतू बिझी का? एक विचारू? कोणाला सांगायचं न्हाई.'

मला वाटलं दादाचं शर्टाचं माप वगैरे, सरप्राइज गिफ्टसाठी.

फोटो आला.

गळा. कानाखाली, मानेच्या बाजूला. गोल. कडेला लाल, मधे साफ. मी किती गोल बघितलेत या महिन्यात! डोळे मिटून ओळखीन.

खाली: 'तू मायक्रोबायोलॉजीची ना. हे काय असेल? बँकेतल्या मॅडमनी एक ट्यूब दिली. लावली की जातं. मस्त आहे. पण परत येतं.'

तीच ट्यूब. फोटो पाठवला तिनं. तीच!!

मी लगेच फोन केला. आधी ट्यूब बंद, आजच. मॅडमचा पत्ता दिला, उद्या सुट्टी, परवा सकाळी जा म्हटलं, आधी भडकेल तर घाबरू नको. मोसंबीचं पण सांगितलं. ती हसली.

"ऋतू, तुह्या दादाला न्हाई ना सांगणार? प्लीज. लग्न तोंडावर आहे. त्यांना वाटेल पोरीला काहीतरी रोग आहे न् लपवला."

मी काय म्हणणार? म्हटलं, न्हाई सांगत. शपथ. दुसरी.

फोन ठेवला आणि मंग आठवलं. गळा. दस्ती. रांगेतलं ऊन. मोबाइलमधला रामनवमीचा फोटो उघडून बघितला. बरोब्बर तिथंच गाठ बांधलीय दादानं.

अर्थात त्या दस्तीमुळंच झालं असं न्हाई म्हणता येत. बँकेत पण कोणाकडून तरी आलं असेल. डॉक्टर मॅडम पण म्हणाल्या होत्या, आजकाल कोणाला कोणाकडून झालं सांगताच येत न्हाई. पण तरी…

२ मे

वहिनी मॅडमकडं जाऊन आली. सेम गोळ्या, सेम मलम. टॉवेल वेगळा, महिने लागू शकतात. मला मेसेज: 'हळदीच्या आधी जाईल का गं? उष्टी हळद परत तुमच्याकडं तर न्हाई ना पाठवत?'

ती दादाची काळजी करून राह्यली. आणि इकडं दादा आज दुकानात फुल बाह्यांची पिवळी बनियन शोधत होता, तिच्यासाठी. मिळतच न्हाई तशी. दुकानदार म्हणाला मे महिन्यात कोण घालतं.

मला एकटीलाच हसू येऊन राह्यलं. आईनं विचारलं काय झालं, काही न्हाई म्हटलं. दोघं एकाच डॉक्टरकडं, एकच गोळी, दोघांनी साल घट्ट ओढून घेतलेली. हात लागेल असं उघडं कुठंच न्हाई. मधे मी.

सांगितलं तर दोन शपथा मोडतात. दादा परत माझ्यासमोर कमरेचं काय, कशाचंच बोलणार न्हाई. वहिनीला वाटेल नणंद पहिल्याच महिन्यात चुगली करते. आणि दस्तीचं निघालं तर? न सांगितलं तर दोघं एका घरात दोन कोपऱ्यात गोळ्या लपवून खाणार, एक जण मधेच सोडणार, दुसऱ्याला परत होणार. हे गजकर्ण तर फिरतच राहतं असं.

संध्याकाळी एक केलं. जांबचा तो दस्तीचा फोटो दोघांना वेगवेगळा पाठवला. खाली काही लिहिलं न्हाई, त्यांचं त्यांनीच ओळखलं तर शपथ मोडत न्हाई ना. दादाचा नुसता लाजरा इमोजी आला. वहिनीनं बघितला, दोनदा टाइप करायला लागली, थांबली. अजून काही आलं न्हाई.

ही वही कधी कोणाच्या हाती लागलीच, तर आधी हसून घ्या. मंग खरं खरं सांगा. माझ्या जागी तुम्ही असता तर पहिली शपथ कोणाची मोडली असती, दादाची का वहिनीची?